सहावं भोक

माझ्या बाबांनी आयुष्यात एकही वस्तू आहे तशी राहू दिली नाही. ते बोटीवर इंजिनिअर होते. बोटीवर असताना इंजिनं दुरुस्त करायचे आणि सुटीवर घरी आले की आम्हाला. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांची बॅग आली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून ठोकाठोक सुरू. जेवणाच्या टेबलाचे पाय उंच आहेत म्हणून ते कापले, मग खुर्च्या उंच वाटायला लागल्या म्हणून त्यांचे कापले. न्हाणीघराचं दार चुकीच्या बाजूला उघडतं म्हणून ते उतरवून उलटं बसवलं. आईच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांच्या जागासुद्धा त्यांनी बदलल्या. फोडणी करताना तिचा हात उगाच जास्त फिरतो, असा त्यांनी शेजारी उभं राहून शोध लावला होता. आई बाबांना बोटीवर पोचवून घरी आली की आधी चपला काढायची, मग मोहरीची वाटी उचलून जुन्या जागी ठेवायची आणि मगच पाणी प्यायची. लोक म्हणतात वय झालं की राग विरतो. माझा मुरला. आज केस पांढरे झाल्यावर हे लिहायला बसलेय ते काही कुणाला माफ करून टाकायला नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

बाबा नसताना आमचं घर वेगळंच असायचं. मी आणि आई, दोघीच. मुगाची खिचडी, भाजलेला पापड, ताटल्या मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायचं. पहाटे खालच्या झाडावरचा कोकीळ ओरडून सगळ्या ब्लॉकला जागं करायचा, वरच्या मजल्यावर कुणीतरी गोट्या सांडाव्यात तसा आवाज यायचा आणि तो कसला हे तिथे राहणाऱ्यांना आजवर कळलेलं नाही. दुपारी भंगारवाला हातगाडी ढकलत यायचा आणि त्याच्या रबरी भोंग्याचा घोगरा आवाज सगळ्या मजल्यांवर चढायचा. खिडकीबाहेर बांबूवर आमचे कपडे वाळत असायचे. आईच्या लेखी बांबूचा उपयोग तेवढाच. बाबा आले की मात्र पूर्ण ताट: डावी बाजू, उजवी बाजू, गरम पोळी तव्यावरून थेट, आणि जेवताना मला गणिताचे प्रश्न. मला बाबा आवडायचे नाहीत असं नाही. पण ते आले की मला स्वतःचीच दुरुस्ती चालल्यासारखं वाटायचं. मी कशी बसते, पेन्सिल कशी धरते, पायऱ्या कुठल्या पायाने चढते, सगळ्याला त्यांच्याकडे अधिक चांगला उपाय होता. आणि दुःख असं की तो बहुतेक वेळा खरंच अधिक चांगला असायचा.

माझं गणित बरं होतं. सिंगापुरात बरं म्हणजे वाईट, म्हणून आईने मला रविवारी दुपारी कम्युनिटी सेंटरमध्ये ट्यूशनला घातलं. तिथे पहिल्याच रविवारी शेजारच्या खोलीतून एक आवाज आला. मला वाटलं एसी बिघडला. लांबच लांब, खर्जातला, अर्धा सूर आणि अर्धा नुसता वारा. ट्यूशन सुटल्यावर मी दारातून डोकावले. मूठभर मध्यमवयीन आणि म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ताठ बसून एकच सूर फुंकत होती. चाल नाही, ताल नाही. श्वास संपला की थांबायचं, पुन्हा भरून घ्यायचा, पुन्हा तोच सूर. एवढी मोठी माणसं इतक्या निमूटपणे काहीही न सुधारता बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मी तिथून हलेना. शेवटी त्यांच्यातल्या एका किडकिडीत चिनी आजोबांनी मला खूण केली, "कम, कम, सिट लाह." (लाह म्हणजे आपलं 'ना', सिंगापुरी इंग्रजीच्या शेपटीला लागतंच.) ते मिस्टर टिओ. शाळेत टेक्निकल ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी नोकरीनिमित्त काही वर्षं जपानात होते आणि तिथून ही विद्या घेऊन आले होते. कुणी त्यांना 'सेन्सेई', म्हणजे जपानीत गुरुजी, म्हटलं की ते हात झटकायचे, "मिस्टर टिओ इनफ."

ते वाजवत होते ती शाकुहाची, जपानी बांबूची बासरी. आपल्या बासरीसारखी आडवी नाही, सनईसारखी समोर धरायची. फुंकायच्या टोकाला नुसती तिरपी कापलेली कड असते, त्या कडेवर फुंकर फुटली तर सूर, नाहीतर वाफ. खालचं टोक बांबूच्या मुळाचं, जाडजूड. भोकं पाचच: चार पुढे, एक मागे अंगठ्याखाली. मिस्टर टिओंनी मला पाण्याच्या प्लास्टिक पाइपची कापून केलेली एक दिली. नवशिक्यांना ते तीच द्यायचे. कित्येक रविवार तिच्यातून काहीही निघालं नाही. मग एकदा घरी निघालं आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "वैजू, बघ गं, भंगारवाला आला वाटतं, पेपरची रद्दी काढून ठेव." मी दारामागे उभी राहून हसले. तो माझा पहिला सूर. आजही रोज सकाळी सुरुवात त्याच सुराने करते. सिंगापुरातच, पुंगोलच्या या घरात आता खालून छोटी एलआरटी रेल्वे जाते, भंगारवाला येत नाही, आणि माझ्या सुराला कुणी फसत नाही.

हळूहळू मला कळलं की त्या पाच भोकांत सगळे सूर मुळी नाहीतच. मधले सूर मानेने काढायचे. हनुवटी खाली घेतली, फुंकर आत वळवली, भोक अर्धं झाकलं की सूर खाली घसरतो आणि एका ठिकाणी अनिच्छेने थांबतो. तो तसाच, जरा दबलेला, जरा घोगरा यावा लागतो. स्वच्छ आला तर चुकला. मिस्टर टिओ म्हणायचे, जपानात म्हण आहे, नुसती मान हलवायला शिकायचीच तीन वर्षं. मला तर तेच हवं होतं. शाळेत प्रत्येक गोष्टीला मार्क होते, घरी प्रत्येक गोष्टीला उपाय होता, आणि इथे एका माणसाने मला सांगितलं होतं की हा सूर अवघड आहे आणि तो अवघडच राहू दे. ही एवढी एकच गोष्ट माझी होती. आमच्या घरात, आमच्या ओळखीच्या कुठल्याच मराठी घरात कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. गणपतीत भेटणारे काका लोक म्हणायचे, "कृष्णाची बासरी सोडून हे काय जपानी फुंकतेस?" मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, कळत नाही ना, छान, तसंच राहू दे.

कोह आंटी त्या खोलीत सगळ्यांत मागे बसायच्या. आयुष्यभर एका बँकेत टाइपिंग केलेल्या, आता बोटं आखडलेली, सांधे सुजलेले. भोकं झाकता येईनात म्हणून त्यांनी वाजवणं सोडलं होतं, पण रविवार सोडला नव्हता. येताना केळीच्या पानातले तांदळाचे गोड कुएह आणायच्या आणि आधी माझ्यापुढे धरायच्या. मला नाव घेऊन त्यांनी कधी हाक मारली नाही, 'गर्ल' म्हणायच्या. एका रविवारी त्यांनी स्वतःची शाकुहाची आणली, कापडी पिशवीतली, खरी, बांबूची, आतून लाल लाखेचा हात दिलेली, आणि ती माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, बांबू न वाजवता ठेवला की तडकतो, तू वाजव. मी तिला हात लावेना. कारण त्या मंडळींत एक रीत होती: दुसऱ्याच्या वाद्याला विचारल्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही. खुद्द मिस्टर टिओ माझा तो पाइप हातात घेण्याआधी किंचित वाकून "मे आय?" म्हणायचे. चार आण्यांचाही नसलेला तो पाइप, आणि मी शाळकरी पोर, पण ते विचारायचे. त्याआधी असं मला कधी कुणी विचारलेलं नव्हतं.

वर्षातून एकदा त्या खोलीत एकेकाने इतरांसमोर एकट्याने वाजवायचं असे. त्या वर्षी माझी पहिली खेप होती. मी कोह आंटींच्याच बासरीवर त्यांची आवडती रचना वाजवणार होते, जुनी, संथ, जिच्यात सुरांपेक्षा शांतताच जास्त. बोटं गेल्यापासून त्यांनी ती स्वतःच्या बासरीवर ऐकली नव्हती. "आय वेट," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आणि त्याच सुमारास बाबा सुटीवर आले.

बांबूची बासरी बघून बाबा खूश झाले. प्लास्टिकची बघून आधीच्या सुटीत त्यांनी "अरे, हा तर आपल्या मोरीतला पाइप!" म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. आता त्यांनी पिशवीतून ती काढली, अर्थात न विचारता, उजेडात धरली, आतून डोळा लावून पाहिलं, नखाने वाजवून पाहिली. "माल चांगला आहे," म्हणाले. मग म्हणाले, एखादं भजन वाजव. मी म्हटलं, याच्यावर भजन वाजत नाही. "वाजत नाही म्हणजे? सूर तर सूर आहेत." मी वाजवलं. आपल्याकडे कुणी म्हटलं की वाजवायचं असतं. जिथे तो मधला सूर आला तिथे मी हनुवटी खाली घेतली आणि सूर घसरत जाऊन आपल्या जागी दबून बसला. बाबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पेटी काढली. बाबा पेटी बरी वाजवायचे, कानही पक्का होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी पट्टी दाबून धरली आणि म्हणाले, "हा लाव." मी लावला. "उतरलाय." पुन्हा लावला. "अगं, उतरलाय, आणि वारा येतोय." मी म्हटलं, बाबा, तो तसाच असतो, तो मानेने काढायचा असतो. ते माझ्या हातांकडे बघत होते. "हे मधलं बोट काय करतं?" म्हणाले. मी म्हटलं, ते फक्त धरायला. "म्हणजे रिकामंच बसलंय?" मी हो म्हटलं. त्यांनी दाबून धरलेली पट्टी सोडली आणि समाधानाने मान हलवली. "मग डिझाइनमध्येच खोट आहे."

मला त्याच क्षणी कळायला हवं होतं, असं आई नंतर म्हणाली. का कळायला हवं होतं? दुसऱ्याची वस्तू हातात आली की तिच्यात खोट शोधून तिला भोक पाडतात, हे मुलांनी आधीच ओळखून राहायचं का?

पुढच्या सोमवारी की मंगळवारी मी शाळेतून घरी आले. बाबा दारातच उभे होते, हात पाठीमागे, चेहऱ्यावर हसू दाबलेलं. आईने जेवणाच्या टेबलावर शिऱ्याची वाटी ठेवली होती. बाबांनी हात पुढे आणले. "घे. वाजव आता." मी दप्तर खांद्यावर तसंच ठेवून बासरी घेतली, सवयीने बोटं ठेवली, आणि माझं मधलं बोट कुठेतरी आत गेलं. पहिल्या आणि दुसऱ्या भोकाच्या मध्ये, बरोब्बर तिथे, एक नवं भोक होतं. मी ते बघत राहिले. सुरेख काम होतं, हे मला आजही संतापाने कबूल करावं लागतं. औद्योगिक वसाहतीत त्यांच्या एका मित्राचं वर्कशॉप होतं, तिथे जाऊन केलं होतं. बांबू चिरू नये म्हणून चिकटपट्टी लावून, हातड्रिलने सावकाश, मग कडा पॉलिश पेपरने घासून, उघड्या पडलेल्या बांबूला व्हार्निशचा बारीक हात देऊन. आजूबाजूची भोकं जुनी, बोटांनी झिजलेली, आणि मध्ये हे नवं, गोल, स्वच्छ. बाबा म्हणाले, "मोजून काढलंय. आता मान बिन हलवायला नको. बोट उचल, सूर हजर."

मी किंचाळले. मला मराठीत शब्द सुचेनात, म्हणून इंग्रजीत किंचाळले. इट्स नॉट इव्हन माइन! बाबा दचकले, मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "मग तर चांगलंच की. त्या बाईंचीही सोय झाली." मी म्हटलं, त्यांना सोय नको होती. मला सोय नको होती. त्यात सोय नाही हेच तर त्यात आहे! बाबांना हे वाक्य कळलंच नाही. ते आईकडे बघायला लागले, जसं मशिनने नेहमीपेक्षा वेगळा आवाज केला की माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतो. "बरं, नको असेल तर बुजवू," ते म्हणाले. "त्यात काय एवढं? बांबूची खुंटी करायची, चिकटवायची, घासायची, कळणारसुद्धा नाही." आणि त्यांनी खरंच हात पुढे केला. मी बासरी छातीशी धरून खोलीत गेले आणि दाराला कडी घातली. ते दारही त्यांनीच त्या सुटीत तासून हलकं केलं होतं, त्यामुळे आपटावं तर नीट आपटलंही नाही.

आई शिऱ्याची वाटी घेऊन दाराशी आली. "वैजू, उघड. त्यांनी प्रेमानेच केलं गं."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय आणि एकदाचं त्याबद्दल लिहूनच टाकते. आपल्याकडे प्रेमाने केलं म्हटलं की विषय संपतो. मग ज्याचं नुकसान झालं त्यानेच उठून नुकसान करणाऱ्याची समजूत काढायची, कारण बिचाऱ्याने एवढं प्रेम केलं आणि बघा, कुणाला त्याची किंमत नाही. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे गुन्हा माझाच ठरला. आई दोन्हीकडे फेऱ्या मारत होती, तिकडे "लहान आहे हो ती" आणि इकडे "ते तरी किती दिवस असतात घरी." कमी दिवस असतात म्हणून काय वाटेल ते करायचं? पाहुणा आला म्हणून कुणी त्याला भिंती पाडू देतं का? शिरा मी खाल्ला, भूक लागली होती. पण दार उघडं टाकून, त्यांच्याकडे पाठ करून खाल्ला.

एकेकाने वाजवायचा तो रविवार आला. मी एकटीच जाणार होते, काय सांगायचं ते घोकत होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "काम माझं आहे, मी समजावून सांगतो," म्हणाले. आईही बेसनाचे लाडू डब्यात भरून निघाली होती, जणू कुणाच्या घरी मुलगी बघायला निघालोय. बसमध्ये मी त्यांच्यापासून लांब उभी राहिले. त्या खोलीत शिरल्यावर बाबांनी कुणी काही म्हणायच्या आत माझ्या हातातून पिशवी घेतली, बासरी बाहेर काढली आणि मिस्टर टिओंना समजावायला सुरुवात केली. मधलं बोट कसं रिकामं असतं. हवेचा स्तंभ कुठे तुटतो. सगळे भोवती जमले होते. मिस्टर टिओंनी दोन्ही हातांनी बासरी घेतली, ते भोक पाहिलं, त्यांच्या मानेची शीर हलली, आणि ते म्हणाले, "व्हेरी नीट वर्क." मग थांबून, "नेव्हर माइंड, नेव्हर माइंड." बाकीचेही पुटपुटले, नेव्हर माइंड. बाबा विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. "बघ! त्यांना काही नाही, तूच घर डोक्यावर घेतलंस."

मला त्या सगळ्यांचाच संताप आला. सिंगापुरात राहणाऱ्या कुणालाही कळतं की असं हळू आवाजात दोनदा म्हटलेलं नेव्हर माइंड म्हणजे झालेली गोष्ट भयंकर आहे. पण बाबांना ते कोण सांगणार? सभ्यपणाचा एक तोटा असा की तो फक्त सभ्य माणसालाच ऐकू येतो.

तेवढ्यात कोह आंटी आल्या, कुएहचा डबा घेऊन, आज जरा नटून, फुलाफुलांचा ब्लाउज घालून. खोलीतली शांतता त्यांना लगेच कळली. मिस्टर टिओंनी बासरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आपलं वाकडं बोट त्या नव्या भोकावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. "हू डू धिस?"

"आय डिड, मॅडम," बाबा हसत पुढे झाले. "स्मॉल इम्प्रूव्हमेंट ओन्ली."

"यू आस्क ऑर नॉट?"

बाबांचं हसू जरा हललं. "सॉरी मॅडम, यू आर राइट, आय शुड हॅव आस्क्ड यू—"

"नॉट मी." कोह आंटींचा आवाज चढला. त्या खोलीत मी कधीच कुणाचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "हर! धिस गर्ल. यू आस्क हर ऑर नॉट?"

बाबा गोंधळले. त्यांनी मिस्टर टिओंकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मग मोठ्याने हसले. "शी इज माय डॉटर, मॅडम."

"या लाह, आय नो. सो? आस्क ऑर नॉट?"

आई लाडवाच्या डब्याचं झाकण उघडायला लागली आणि मग तिने ते परत लावलं. मी एवढंच सांगू शकते की त्या बाईची बासरी कायमची भोसकली गेली होती आणि ती त्या वेळी माझ्यासाठी भांडत होती. मला रडू आलं, पण ते रागाचंच होतं.

मिस्टर टिओंनी मला स्वतःची बासरी देऊ केली. "नो," कोह आंटी म्हणाल्या, "धिस वन." त्यांनी पर्समधून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली, नव्या भोकावर दोनदा गुंडाळली आणि बासरी माझ्यापुढे धरली. "गर्ल, कॅन प्ले?" मी मानेनेच हो म्हटलं. सगळे खुर्च्यांवर बसले. मी खोलीच्या मध्ये बसून वाजवायला लागले. चांगलं वाजलं असं म्हणणार नाही. चिकटपट्टीखालून किंचित हवा सुटत होती, फुंकर गरजेपेक्षा कितीतरी जोरात जात होती. पण जिथे तो मधला सूर आला तिथे मी मान जितकी खाली जाईल तितकी घेतली, आणि सूर खरवडत, घसरत, कुणाचंही न ऐकता खाली गेला आणि तिथेच बसला. मी त्याला श्वास संपेपर्यंत तिथून हलू दिलं नाही. त्यानंतर त्या रचनेत एक लांब शांतता आहे. त्या शांततेत बाबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. मी डोळे मिटून घेतले, शांतता पहिल्यापासून पुन्हा धरली आणि शेवटपर्यंत वाजवलं.

"वा, सो अँग्री," कोह आंटी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाइस." त्यांचे डोळे ओले होते की नाही ते मी पाहिलं नाही, मला कुणाकडेच बघायचं नव्हतं. लाडू सगळ्यांनी खाल्ले. बाबा एका कोपऱ्यात मिस्टर टिओंना त्या खोलीचा पंखा का कुरकुरतो ते सांगत होते. निघताना कोह आंटींनी मला दारापाशी गाठलं आणि बासरीची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. घेण्याआधी "कॅन?" असं विचारलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, ही आज मी घरी नेते. तुझे वडील बोटीवर गेले की ये आणि घेऊन जा. तोवर तुझा पाइप आहेच. मी म्हटलं, ओके आंटी. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि पिशवी काखेत धरून त्या जिन्याने उतरून गेल्या.

परतीच्या बसमध्ये आईला जागा मिळाली, बाबा आणि मी तिच्याजवळ दांडीला धरून उभे होतो. बाबांचा मूड छान होता. गोड मंडळी आहेत म्हणाले, जरा ती म्हातारी तापट आहे, पण लाडू आवडले तिला. एकदोन स्टॉप गेले. मग त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "अगं! बासरी कुठाय? विसरलीस तिथे?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी बेल दाबायला हात वर केला. "चल, उतर, अजून लांब नाही आलो, घेऊन येऊ."

बोटीवरच्या माणसाच्या घरात एक प्रश्न कधी विचारत नाहीत. तो कधी येणार हे सगळे विचारतात, रोज विचारतात, कॅलेंडरसमोर उभं राहून विचारतात. दुसरा प्रश्न मनातही आणायचा नसतो, पोरासोरांनासुद्धा ते न शिकवता माहीत असतं. मी तो त्या बसमध्ये, आईच्या डोक्यावरून, चांगल्या मोठ्या आवाजात विचारला.

"बाबा, तुम्ही बोटीवर परत कधी जाणार?"

आईने मान वर केली. बाबांचा हात बेलपाशीच होता. "का गं?" ते म्हणाले.

"मला वाजवायचंय," मी म्हणाले.

बस थांबली, दारं उघडली, बंद झाली. बाबांनी हात खाली घेतला. तो प्रश्न मी आजही परत घेत नाही.